सभेवरचा आमचा माणूस

गाऱ्हाणं कसं घालतात ते आधी सांगतो, नाहीतर घाटावरच्या माणसाला माझी लाज कळायची नाही.

आमच्या गावात काहीही करायचं असलं, पेरणी असो, लग्न असो, कुणाची म्हैस हरवलेली असो, की सातेरीच्या देवळात देवीपुढे नारळ ठेवतात आणि गावातला एक माणूस सगळ्यांच्या वतीने देवीशी बोलतो. तो माणूस मी. माझ्याआधी माझा बाप. मी म्हणायचं, "बा माये सातेरी, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत," की मागे उभ्या असलेल्या सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" मी पुढचं मागणं घालायचं, त्यांनी पुन्हा "व्हय म्हाराजा!" देवी बाई असून म्हाराजा कशी, ते मला विचारू नका. मी बापाला विचारलं होतं, तर त्याने कानाखाली वाजवली होती. मी काय मागतोय ते मागच्यांनी ऐकलंच पाहिजे असं काही नाही. अर्धे विडी विझवत असतात, अर्धे कालच्या मासळीच्या गजाली मारत असतात. पण "व्हय म्हाराजा" कुणाचं चुकत नाही. आणि जो गाऱ्हाणं घालतो तो स्वतः ते कधीच म्हणत नाही. मागायचं काम माझं, हो म्हणायचं काम त्यांचं.

हे डोक्यात ठेवा. आता माझ्या झिलाची, म्हणजे मुलाची, गजाल.

मला गावात दाजी म्हणतात. पंधरा वर्षं मी मुंबईच्या गोदीत होतो. तिथे पायावर पेटी पडली, तेव्हा लंगडत गावी आलो. ही अर्धी पुस्तकी भाषा तिथलीच. राग आला की मात्र आपली मालवणीच बाहेर पडते, आणि राग मला लवकर येतो. आमची रुक्मिणी म्हणते, "तुमचो राग म्हणजे पेजेचो कड, येता तसो जाता." जाऊ दे. आम्हाला मुलगा एकच, सत्यवान. तालुक्याच्या गावी नवं कॉलेज निघालं, इंटरपर्यंतचं, त्यात त्याला घातला. रोज सकाळी होडीने खाडी ओलांडायची, पुढे एस्टी. आमच्या गावातून दोघंच जात होती. सत्यवान आणि शेजारची मथुरा.

मथुरेचा बाप गलबतावर तांडेल होता, तो एका सफरीत गेला तो गेलाच. आई सीता घरी, आणि घर चालवणारा काका परशुराम. हा परशुराम रेडीला बोटीवर खनिज भरतात तिथे मुकादम आहे. माणूस वाईट नाही, पण हट्टी, आणि चार लोक काय म्हणतील याची त्याला फार धास्ती. पोरीला त्याने कॉलेजात घातली तीसुद्धा मथुरेने जेवण सोडलं म्हणून. पण एक अट घातली. इंटरची परीक्षा विद्यापीठ घेतं, आणि तिचं केंद्र घाटावर. तीन आठवडे तिकडे खोली करून राहावं लागतं. परशुराम म्हणाला, "कॉलेजात जा. पण परीक्षेक घाटार ऱ्हवाक मी धाडूचंय नाय. केंद्र हय इला तर बस, नायतर घरात बस." म्हणजे पोरीने दोन वर्षं शिकायचं आणि परीक्षेला बसायचं नाही. हे म्हणजे वड्याचं पीठ भिजवून कढई न ठेवण्यासारखं झालं. पण घरच्या माणसाला कोण काय बोलणार?

पाकिस्तानशी लढाई झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे ह्याच साली, विद्यापीठाने ठरवलं की आपल्या सभेवर विद्यार्थ्यांचीही माणसं घ्यायची. आमच्या कॉलेजाच्या वाट्याला एक जागा आली. पोरांनी मतं टाकून आपला माणूस निवडायचा, आणि त्याने घाटावर सभेला जाऊन बसायचं. परीक्षा कुठे घ्यायच्या तेसुद्धा तीच सभा ठरवते, हे मथुरेने बरोबर हेरलं.

ती आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात आली. मी सुपारी कातरत बसलो होतो. म्हणाली, "दाजीकाका, मी उभी ऱ्हवतंय. तुम्ही काकांका समजावन सांगा."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, चांगला मोठ्याने हसलो. म्हटलं, "अगो बाय, चेडू सभेक जातला? थंय घाटार, त्या काळ्या कोटवाल्यांच्या मेळात? परशुराम माका जमनीत जित्तो गाडीत." रुक्मिणी आतून म्हणाली, "हसतास कित्याक? तिका विचारा तरी." मी विचारलं नाही. मग तिने स्वतःच काकाला विचारलं, तर परशुरामाने सरळ दारच लावून घेतलं.

मथुरा रडली नाही. ती रडणाऱ्यांतली नव्हेच. दुसऱ्या दिवशी परत आली आणि म्हणाली, "मगे सत्यवानाक उभो करा. काय बोलाचा ता मी सांगतंय." लहानपणी सत्यवानाची गणितं तीच सोडवायची, तेव्हा त्याला यात काही नवीन वाटलं नाही. आणि मला तर आनंदच झाला. झील सभेवर! मी लगेच चार घरी सांगून आलो.

समोर उभा होता बाजारातल्या एका सावकाराचा मुलगा. तो रोज पोरांना चहा आणि कांद्याची भजी खाऊ घालायचा. सगळे म्हणत होते, सत्यवान पडणार. मग भाषणांचा दिवस आला. मी कामाचं निमित्त काढून गेलो आणि खिडकीपाशी उभा राहिलो. सावकाराच्या मुलाने छापील मराठीत भाषण केलं. पोरं जांभया देत होती. मग आमचा उठला. आधी जरा अडखळला, घाम पुसला, आणि एकदम हात जोडून माझ्या आवाजात, अगदी माझ्याच आवाजात, सुरू झाला. "बा विद्यापीठा म्हाराजा! आज ही तुझी खाडीपलीकडची लेकरां तुका गाऱ्हाणा घालतत! तीन आठवडे घाटार ऱ्हवान, खानावळीची आमटी खावन पोटा बिघाडली, ती तू बघ! परीक्षेचा केंद्र आमच्या दारात हाड!" आणि काय सांगू, अख्खं सभागृह उठून ओरडलं, "व्हय म्हाराजा!" छपरावरची कबुतरं उडाली. प्रोफेसर लोकसुद्धा हसले. त्या एका गाऱ्हाण्यावर तो निवडून आला. भजी सगळी फुकट गेली.

माझी छाती फुगली होती. पण मथुरा हसत नव्हती. होडीत येताना ती त्याला म्हणाली, "थंय सभेत 'व्हय म्हाराजा' म्हणणारी आपली माणसा नसतली. थंय काय करशीत?"

"थंय गेल्यार बघून घेतलंय," सत्यवान म्हणाला.

"बघून नको घेव. बोल."

मग तिने त्याला तयार करायला घेतला. तिकडे सगळं इंग्रजीत चालतं, म्हणून इंग्रजीची चार वाक्यं तिने त्याच्याकडून घोटून घेतली. आमच्या परसात, विहिरीजवळ. ती दगडावर अध्यक्ष होऊन बसायची, आणि हा समोर उभा राहून म्हणायचा, "नो सर, आय ऑब्जेक्ट!" कोंबड्या पळायच्या. ती म्हणायची, "बारीक इलो आवाज. परत." तो परत म्हणायचा. "तुझे पाय हलतत. परत." रुक्मिणी म्हणायची, हिने मास्तरीण व्हायला हवं होतं. मी ओट्यावर बसून मजा बघायचो. वाटायचं, एवढं कशाला, आमचा झील आहे तो, बोलणं त्याच्या रक्तात आहे.

जायच्या आदल्या दिवशी मी देवळात गाऱ्हाणं घातलं. माझा मुंबईचा काळा कोट त्याच्या मापाचा करून घेतला होता, तो त्याला घातला. सगळा गाव आला होता. मी मागितलं, "केंद्र हयच येवंदे, आणि परशुरामाच्या घरातल्या चेडवाची परीक्षा होवंदे." सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. सीतेने पदर डोळ्याला लावला. मी सीतेकडे वळून म्हटलं, "वैनी, काळजी करू नकात. माझो शब्द." असा मी शब्द देऊन बसलो, देवीसमोर.

परतला त्या दिवशी आम्ही ढोल घेऊन एस्टीच्या थांब्यावर गेलो होतो. ही कल्पना माझीच, दुसऱ्या कुणाची नाही. झेंडूची माळ मी स्वतः ओवली. गाडी आली, सत्यवान उतरला. मान खाली, तोंड पांढरं. मला वाटलं, घाटात ओकला असेल, नेहमीच ओकतो. मी माळ घातली आणि विचारलं, "झाला मा?"

त्याने मान हलवली.

एवढंच. वरखाली हलवली की आडवी, ते मी नीट बघितलंसुद्धा नाही. मला जे हवं होतं तेच दिसलं. मी हात वर करून ओरडलो आणि ढोल वाजायला लागले. होडीतून येताना खाडीच्या दोन्ही काठांवरची माणसं विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि मी सांगत होतो. परशुराम रेडीहून सुट्टीला आला होता. तो धक्क्यावर उभा होता. म्हणाला, "केंद्र हय येता तर माझा कायेक म्हणणा नाय. बसांदे तिका परीक्षेक." सीतेने घरोघर लाडू वाटले. मथुरेने सत्यवानाला विचारलं, "उठून बोललंस मा?" तर तो म्हणाला, "माका बरा नाय वाटत," आणि आत जाऊन झोपला. ती दारात उभी राहिली. तिच्या तोंडावर तेव्हा काय होतं ते मी बघायला हवं होतं. मी लाडू खात होतो.

पुढचे काही दिवस मी जमिनीवर चालत नव्हतो. चहाच्या दुकानात मी बसलो की लोक विचारायचे, "मगे दाजी, सभेत काय काय झाला?" आणि मी, ज्याने सभा काय असते ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तो सांगायचो. झील कसा उभा राहिला, कसा इंग्रजीत कडाडला, कोटवाले कसे गप्प झाले. दर दिवशी त्यात थोडं वाढत जायचं. सत्यवान घरात माझ्यासमोर येत नव्हता. मला वाटलं, मोठा माणूस झालाय, अभ्यास करत असेल.

मग एका सकाळी मासळीबाजारात कॉलेजचे प्रोफेसर तेंडोलकर दिसले. ते सभेला सत्यवानाबरोबर गेले होते. बांगडे घेत होते. मी लांबूनच ओरडलो, "काय सर! आमच्या झिलान हाडल्यान मा केंद्र!"

तेंडोलकर सरांनी बांगडा खाली ठेवला. सभ्य माणूस. हळू आवाजात म्हणाले, "दाजी, जरा बाजूला येता का?"

मी कशाला बाजूला जातोय! म्हटलं, "हयच सांगा, सगळ्यांका आयकांदे."

तेव्हा ते म्हणाले, "तुम्हाला त्याने सांगितलं नाही का? केंद्र मिळालं नाही. यंदा कोकणात नवीन केंद्र नको, असाच ठराव आला होता. तो एकमताने मंजूर झाला."

"एकमतान म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांनी हात वर केले. त्यानेसुद्धा. मला सभेत बोलायचा अधिकार नव्हता, मी मागे बसलो होतो. मी त्याला खुणा केल्या, खोकलो. पण त्याने हात वर केला होता."

कोळणीने कोयता थांबवला होता. ज्या बाया काल मला "दाजीनू, दाजीनू" करत होत्या, त्या आता टोपलीत बघायला लागल्या. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. मी भांडलो असतो. पण कुणी हसलं नाही. मी बांगडे न घेताच निघालो. मागून सर म्हणाले, "पुढच्या महिन्यात पुन्हा सभा आहे. ठराव फिरवता येतो, कुणी उठून मागणी केली तर. पण एकदा हात वर केलेला मुलगा..." पुढचं मला कळलं.

घरी सत्यवान परसात माडांना पाणी घालत होता. मी म्हटलं, "शिरा पडो तुझ्या तोंडार! हात वर केलंस?"

त्याच्या हातातली कळशी खाली पडली. रुक्मिणी धावत आली.

"इंग्रजी कळाक नाय तुका? तसा सांग! कळाक नाय म्हणान सांग, मी गावाक सांगतंय तसा!" मी त्याला वाट काढून देत होतो. बापच मी.

"कळला," तो म्हणाला. "सगळा कळला, बाबा. अध्यक्षांनी विचारल्यानी सुद्धा, कोण विरोधात आसा काय? माझ्याकडे बघून विचारल्यानी. हसले थोडे. बरे माणूस होते."

"मगे? ती चार वाक्या खंय गेली? नो सर खंय गेला?"

"तोंडात होता. पण सगळ्यांचे हात वर होते, बाबा. म्हातारी म्हातारी माणसा, केस पिकलेली. चाळीस हात वर, आणि माझो एकट्याचो खाली. माझो हात आपणच वर गेलो." त्याने कळशी उचलली, पुन्हा खाली ठेवली. "लहानपणापासून तुमच्या पाठी उभो ऱ्हवतंय मी देवळात. तुम्ही काय मागतास ता कोण आयकता? मोठो माणूस बोललो, सगळी व्हय म्हणाली, आपणय म्हणाचा. माका दुसरा कायेक येतच नाय."

मी मारायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. रुक्मिणी म्हणाली, "आता तेका मारून केंद्र येतला?" मी हात खाली घेतला आणि ओट्यावर जाऊन बसलो. त्या दिवशी मी जेवलो नाही.

खरी लाज पुढेच होती. सीतेच्या घरी जाऊन सांगायला हवं होतं, आणि ते मलाच सांगायला हवं होतं, कारण शब्द माझा होता. घर कुठे लांब आहे? मधे एक दगडी गडगा. पण मी गेलो नाही. आज जाईन, उद्या जाईन. बाजाराला जायचं तर सीतेच्या दारावरून वाट जाते, म्हणून मी खाली पुळणीवरून, वाळूतून, माझा मोडका पाय ओढत जायला लागलो. हा एवढा मोठा आवाज असलेला माणूस, देवीशी बोलणारा, आणि एका विधवा बाईच्या दारावरून जायची छाती नाही. चहाच्या दुकानात जाणं सोडलं. गावाला काय, मासळीबाजारातून बातमी मासळीच्या आधी पोचली होती. मथुरेला कॉलेजात कळलं. ती आमच्याकडे एक अक्षर बोलायला आली नाही. गडग्यापलीकडे ती कपडे वाळत घालताना दिसायची आणि मी आत जायचो. मग परशुरामाने पोरीचं कॉलेज बंद केलं आणि कुडाळकडे स्थळ बघायला सुरुवात केली असं रुक्मिणीने सांगितलं. सांगताना माझ्याकडे तिने बघितलं नाही.

सत्यवान कॉलेजात जायचा, पण तिथे पोरं त्याला बघून हात वर करून दाखवायची. तो सांगत नसे, होडीवाल्या भाईने मला सांगितलं.

आणि जत्रा आली.

आमच्या सातेरीची जत्रा म्हणजे लग्न होऊन बाहेर गेलेल्या मुली येतात, मुंबईवाले येतात, दुपारी बायका ओट्या भरायला रांग लावतात. ओट्या सुरू व्हायच्या आधी मोठं गाऱ्हाणं. मी ठरवून गेलो होतो. मला दुसरं काय येतं? जे बिघडलं ते देवीपुढे घालायचं, ती सांभाळून घेते, असंच आम्ही करत आलोय. मी आंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून उभा राहिलो. सभामंडप भरलेला. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, हातात खण-नारळ. सीता होती, शेजारी मथुरा. सत्यवान मागच्या खांबाला टेकून उभा. त्याला मीच ओढून आणला होता.

मी सुरुवात केली. गावाचं, शेतीचं, होड्यांचं मागितलं. "व्हय म्हाराजा!" मुंबईवाल्यांचं मागितलं. "व्हय म्हाराजा!" मग मी हात जोडले. मी म्हटलं, "बा माये सातेरी, तुझ्या लेकरांकडसून काय चूक घडली असात, ती पदरात घे!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यांना कळलं होतं कुणाची चूक. काही माना मागे वळल्या.

"ह्या गावातल्या एका चेडवाचा जा काय नुकसान झाला आसा, ता तू भरून काड! तिका बरो घोव दी, बरा घर दी, तिची ओटी भर, आणि जा झाला ता इसरांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

आधी कुणाला कळलंच नाही. आवाज मोठा नव्हता. पण सगळ्यांचं "व्हय" संपल्यावर, एकटाच, डावीकडून आला. माझ्या आयुष्यात, माझ्या बापाच्या आयुष्यात, त्या देवळात हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. गुरवाच्या हातातली घंटा वाजायची थांबली. सीतेने मथुरेचा दंड धरला, "गप गो, गप." एका म्हातारीने कपाळावर हात मारला. परशुराम पुरुषांतून पुढे यायला लागला, लाल झालेला.

मथुरेने दंड सोडवून घेतला. तिच्या हातात ओटीचा नारळ होता. बोलताना ती अडखळली नाही. "दाजीकाका, माझ्यासाठी देवीकडे घोव मागू नकात. माझा नुकसान देवीन करूक नाय. पुढच्या महिन्यात सभा आसा. सत्यवानाक परत धाडा. तेका थंय उभो ऱ्हवांदे, आणि जा म्हणाक गेल्लो ता म्हणांदे. माका इतक्याच व्हया."

आणि तिने नारळ देवीपुढे धरला.

परशुरामसुद्धा थांबला. गोष्ट अशी की ते गाऱ्हाणंच झालं होतं. देवीसमोर, नारळ हातात घेऊन, सगळ्यांदेखत मागणं मागितलेलं. आणि मागणं मागितलं की मागून उत्तर यावं लागतं, नाहीतर ते अर्धवट राहतं, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण उत्तर द्यायला कुणी तोंड उघडेना. सगळे माझ्याकडे बघत होते. ज्यांना आयुष्यभर न ऐकता हो म्हणायची सवय, ती माणसं आज पहिल्यांदा ऐकून गप्प उभी होती.

मला वाटलं, भुई फाटेल तर बरं. ह्या पोरीला मी खळ्यात हसलो होतो. तिचीच वाक्यं माझ्या झिलाच्या तोंडी घातली, तिच्या नावाने ढोल वाजवले, आणि तिच्या दारावरून जायला घाबरून वाळूतून चाललो. आणि आज एवढं सगळं करून वर तिला नवरा देऊन मोकळा होत होतो, सगळ्या गावाकडून "व्हय" म्हणवून घेऊन. तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी तर नाहीच.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

जन्मात पहिल्यांदा. आवाज असा बारीक आला की मलाच तो ओळखू आला नाही. मागून कुणी साथ दिली नाही. फक्त रुक्मिणीने, बायकांतून, माझ्यामागोमाग म्हटलं.

मथुरा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. ती मागच्या खांबाकडे बघत होती. माणसं आपोआप बाजूला झाली आणि खांबापर्यंत वाट मोकळी झाली. सत्यवान तिथे उभा होता, मान खाली.

"वर बघ," ती म्हणाली.

त्याने वर बघितलं. कान लाल, डोळ्यांत पाणी. सगळा गाव बघतोय, मुंबईवाले बघतायत, देवी बघतेय.

"चाळीस माणसांत जमाक नाय मा तुका? हय चाळिसाच्या वर आसत. म्हणान दाखय."

त्याचे ओठ हलले. मग आला एक आवाज, फाटका. "नो सर."

मी खाली माझ्या पायांकडे बघत होतो. मला वर बघवत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की ती त्याला सोडत नाहीये.

"बारीक इलो," मथुरा म्हणाली. "परत."